आम्ही म्हणजे कोण?

पहिला दिवस : हरिहरेश्वर

ताम्हिणी घाट उतरून आम्ही माणगावला चहासाठी थांबलो तेव्हा सकाळचे नऊही वाजले नव्हते, पण दुचाकीच्या टाकीवर हात टेकवला तर चटका बसावा इतके ऊन तापले होते. वैशाखात किनाऱ्याकडे दुचाकीने निघणारी माणसे एक तर तिकडचीच असतात किंवा नुकती प्रेमात पडलेली असतात, आणि आम्ही दोघेही घाटावरचे होतो. बेत पाच दिवसांचा होता. हरिहरेश्वरपासून सुरुवात करून समुद्र उजव्या हाताला ठेवत रत्नागिरीपर्यंत जायचे आणि वाटेतल्या सावित्री, वाशिष्ठी व शास्त्री या तीन नद्यांच्या खाड्या फेरीबोटीने ओलांडायच्या. तो शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे मे महिना त्याच्या मालकीचा असतो. मी मुद्रितशोधनाचे काम करते. या पाच दिवसांसाठी दोन पुस्तकांची मुद्रिते मी आधीच्या आठवड्यात रात्री जागून संपवली होती. त्याच्या घरी तो ‘शाळेतल्या लोकांबरोबर’ गेला होता आणि माझ्या घरी मी ‘मैत्रिणींबरोबर’ गेले होते. सत्याचे प्रमाण दोन्ही वाक्यांत सारखेच होते.

आमच्या ओळखीला त्या दिवशी ५४ दिवस झाले होते. हा आकडा मला त्यानेच माणगावला सांगितला, आणि सांगताना हात शर्टाच्या वरच्या खिशापर्यंत नेऊन परत आणला. या प्रवासात तो मला काही तरी विचारणार आहे हे मला ठाऊक होते. निघण्यापूर्वी त्याने मला तीन वेळा हरिहरेश्वरच्या सूर्यास्ताबद्दल सांगितले होते, आणि निसर्गाविषयी एरवी तो इतके बोलत नाही.

हरिहरेश्वरच्या देवळामागून प्रदक्षिणेची वाट निघते. आधी टेकडीवर चढायचे, मग खडकाच्या उभ्या भेगेतून खोदलेल्या पायऱ्यांनी थेट समुद्राच्या पातळीवर उतरायचे आणि लाटांनी पोखरून जाळीदार केलेल्या खडकांवरून डोंगराला वळसा घालून परत देवळापाशी यायचे. हा शेवटचा टप्पा केवळ ओहोटीच्या वेळीच करता येतो. भरतीच्या वेळी तिथे माणसे ओढली गेली आहेत, आणि तशा सूचनांचे फलकही लावलेले आहेत. आम्ही साडेपाचला भेगेच्या तोंडाशी पोहोचलो तर खालच्या पायऱ्या पाण्यात होत्या आणि प्रत्येक लाट अरुंद भेगेत शिरून वर उसळत होती. पायरीवर एक आजोबा टॉवेलने मान पुसत बसले होते. त्यांनी आमच्याकडे पाहिले आणि विचारले, “तिथी बघितली नाहीत होय? आज अष्टमी. आठ पाऊण सहा. सहाला समुद्र पूर्ण भरणार.”

ही कोळ्यांची जुनी रीत आहे. तिथीची पाऊणपट केली की या किनाऱ्यावरच्या पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येतो आणि समुद्र त्याच्या मागोमाग, त्यामुळे प्रत्येक तिथीला पाऊण तास पुढे सरकायचे. म्हणूनच अमावास्येला आणि पौर्णिमेला भरती बाराच्या आसपास असते आणि संध्याकाळी समुद्र दूर गेलेला असतो, तर अष्टमीला नेमके उलटे. ज्याने कुठल्या तरी संकेतस्थळावर पौर्णिमेच्या संध्याकाळची छायाचित्रे पाहून बेत आखला होता, तो गणिताचा शिक्षक पाऊणकीच्या पाढ्यापुढे लाल झाला. आजोबांनी त्याला पहिल्यापासून पाढा म्हणून दाखवला आणि त्यानेही तो मुकाट्याने ऐकला. मग आम्ही वरच खडकावर बसून सूर्य पाण्यात जाताना पाहिला. आजोबा शेजारीच बसलेले असल्यामुळे विचारण्यासारखे काही उरले नव्हते.

रात्री माझ्या खोलीत पडल्या पडल्या मी विचार केला, की आजोबा नसते तर तो नेमके काय म्हणाला असता? माझा व्यवसायच वाक्ये तपासण्याचा असल्यामुळे ही काळजी मला त्याच्यापेक्षा अधिक होती. ‘मागणी घालणे’ हा शब्द आपल्याकडे आहे, पण मागणी घरच्यांनी घरच्यांकडे घालायची असते आणि मुलगी त्या व्यवहाराचा विषय असते. ‘पसंती’, ‘होकार’, ‘बोलणी’ हे सगळे शब्दही बैठकीच्या खोलीतलेच आहेत. दोन माणसांनी एकमेकांना विचारायचे असेल तर उरते ते ‘माझ्याशी लग्न करशील का?’ हे वाक्य. व्याकरणाने त्यात काही खोट नाही, पण ऐकताना ते दुसऱ्या भाषेतल्या चित्रपटाला मराठी आवाज दिल्यासारखे वाटते. शिवाय त्यात एक मागणारा आणि एक देणारा आहे, आणि त्यातली कुठलीच जागा मला नको होती. तो विचारण्यात अडखळला तर आपणच विचारायचे, असे मी निघतानाच ठरवले होते. पण माझ्याकडेही दुसरे वाक्य नव्हते.

दुसरा दिवस : बागमांडला, बाणकोट, वेळास

नवमीची ओहोटी पाऊण वाजता, म्हणजे भर दुपारी, तापलेल्या खडकांवर. काल राहिलेली प्रदक्षिणा त्या वेळी घालून येऊ असे तो म्हणालाही, पण त्याच्या आवाजात फारसा जोर नव्हता. आम्ही सकाळीच बागमांडल्याच्या जेटीवर गेलो. महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री येथे समुद्राला मिळते. अलीकडे रायगड जिल्हा, पलीकडे वेसवी आणि रत्नागिरी जिल्हा. बोटीचा पुढचा फाळका जेटीवर आपटला, आधी पलीकडून आलेल्या गाड्या बाहेर पडल्या, मग आमची दुचाकी एका आंब्यांच्या पेट्यांनी भरलेल्या टेम्पोच्या मागे उभी राहिली आणि काही मिनिटांत आम्ही जिल्हा बदलला. बाणकोटचा किल्ला लहान आहे. त्याच्या बुरुजावरून खाडीचे मुख आणि हरिहरेश्वरचा डोंगर एकाच नजरेत मावतात. तिथे पाण्याची बाटली संपवण्यापुरते थांबून आम्ही वेळासला उतरलो.

वेळास हे नाना फडणवीसांचे मूळ गाव, पण आता लोक तिथे जातात ते कासवांसाठी. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या हिवाळ्यात रात्री किनाऱ्यावर येऊन वाळूत शंभर-सव्वाशे अंडी घालतात, खड्डा बुजवतात आणि परत जातात. त्या पिल्लांना कधीही पाहत नाहीत. पूर्वी ही अंडी कोल्हे, कुत्री आणि माणसेही उकरून नेत असत. आता गावातले कार्यकर्ते ती अलगद काढून कुंपणाच्या आत तितक्याच खोलीवर पुरतात, प्रत्येक घरट्यावर तारीख लिहितात आणि दिवस भरत आले की त्यावर टोपली पालथी घालतात. सकाळी आणि संध्याकाळी टोपली उचलली जाते. खाली पिल्ले आली असतील तर ती समुद्रापासून काही अंतरावर वाळूत सोडतात, आणि पुढचे अंतर ती आपल्या पायांनीच कापतात. पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरते. वाळू जास्त तापली तर माद्या अधिक निघतात.

मार्चच्या चौथ्या आठवड्यात याच दोरीमागे मी उभी होते. माझ्या शेजारचा एक अनोळखी मुलगा पिल्ले मोजत होता, पण ती मध्येच दिशा बदलत असल्यामुळे त्याची मोजणी सारखी चुकत होती. त्याने माझ्याकडे पेन मागितले. माझ्याकडे लाल पेनाशिवाय दुसरे पेन नसते. त्याने हाताच्या तळव्यावर लाल उभ्या रेघा ओढल्या, पाचव्या रेघेने आडवे छेदत, आणि शेवटचे पिल्लू फेसात नाहीसे झाल्यावर तो मला म्हणाला, “सतरा.” पेन परत करायला तो विसरला. ते मागण्यासाठी मी त्याला दुसऱ्या दिवशी शोधले. आता जर कोणी मला विचारले की विसरला की मुद्दाम ठेवले, तर माझ्याकडे पुरावा नाही.

मेच्या मध्यात कुंपण रिकामे होते, जाळीचा एक कोपरा सुटून वाऱ्याने फडफडत होता आणि किनाऱ्यावर आमच्याशिवाय फक्त एक कुत्रे होते. अंड्यातून पिल्लू बाहेर यायला ४५ ते ६० दिवस लागतात, आणि आमचा त्या दिवशी ५५वा होता. मैत्रिणीने निघताना ‘एवढ्यात?’ असे एकाच शब्दात विचारले होते, त्याचे उत्तर म्हणून हा हिशेब मी मनात धरून ठेवला. उत्तर म्हणून तो अगदीच लंगडा आहे हेही मला तेव्हाच कळत होते, कारण पिल्लांना कोणी घर पाहून देत नाही आणि त्यांना भाडेही भरावे लागत नाही.

मार्चमध्ये मी ज्यांच्याकडे उतरले होते त्याच काकूंकडे आम्ही गेलो. त्याने नमस्कार करून सांगितले, “काकू, आम्ही मार्चमध्ये आलो होतो.” काकू ओटीवर आमसुले वाळत घालत होत्या. त्यांनी मान वर केली.

“ही आली होती माझ्याकडे. तू त्या पलीकडच्या आळीत होतास, शाळेच्या मुलांबरोबर. आम्ही कुठले?” मग दोघांकडे आळीपाळीने पाहून त्यांनी विचारले, “खोली एक देऊ की दोन?”

“दोन,” आम्ही एकदमच म्हणालो.

“बरं,” म्हणत काकू हसल्या आणि किल्ल्या आणायला आत गेल्या.

त्या ‘आम्ही’ने मला रात्री झोप लागू दिली नाही. मराठीत दोन ‘आम्ही’ आहेत. एक ‘आम्ही’, ज्यात ऐकणारा नसतो, आणि दुसरा ‘आपण’, ज्यात ऐकणाराही येतो. त्यामुळे दोनच माणसे एकमेकांशी बोलत असतील तर त्यांच्यात ‘आम्ही’ हा शब्द संभवतच नाही, तिथे केवळ ‘आपण’ चालते. ‘आम्ही’ म्हणायला समोर तिसरे माणूस लागते. तो पहिल्यांदा ‘आम्ही’ म्हणाला तो काकूंच्या ओटीवर, आणि तेही खोटे बोलताना.

तिसरा दिवस : केळशी ते गुहागर

या दिवशी आम्ही फार फिरलो आणि त्यातले बरेचसे मला धड आठवत नाही. केळशीला किनाऱ्यावरची वाळूची टेकडी पाहिली, आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीच्या आवारातून सुवर्णदुर्ग पाहिला आणि हर्णै बंदरात मासळीच्या वासातून वाट काढली. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, त्यामुळे त्या पंधरवड्यात बंदराला परीक्षेच्या आदल्या रात्रीसारखी घाई होती.

मुरुडला मात्र आम्ही थांबलो, कारण त्याला थांबायचे होते. जंजिऱ्याचे मुरुड वेगळे, हे दापोली तालुक्यातले, महर्षी कर्व्यांचे. येथला सतरा वर्षांचा एक मुलगा १८७५ साली परीक्षेला बसण्यासाठी सह्याद्री चढून साताऱ्यापर्यंत पायी गेला, आणि दिसायला फारच लहान म्हणून परीक्षकांनी त्याला परत पाठवले. ही गोष्ट तो आपल्या वर्गातल्या मुलांना दरवर्षी सांगतो, शिवाय कर्वे पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत असत याचा त्याला व्यावसायिक अभिमान आहे. मला त्या गावात दुसरी गोष्ट आठवत होती. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर कर्व्यांनी १८९३ साली गोदूबाईंशी लग्न केले. त्या त्यांच्या मित्राची विधवा बहीण होत्या आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होत्या. त्यानंतर जोडपे मुरुडला आले, तेव्हा गावाने बैठक घेऊन त्यांच्यावर बहिष्कार टाकला. आईच्या घरी येऊन आईच्या पंक्तीला न बसता परत जायचे, असे ते दिवस होते. १९५८ साली, शंभराव्या वर्षी, कर्व्यांना भारतरत्न मिळाले. गावात आता त्यांचे स्मारक आहे.

आमची घरे एका जातीची नाहीत. हे आम्ही एकमेकांना ओळखीच्या दुसऱ्या आठवड्यातच, जरा ओशाळून, सांगून टाकले होते आणि त्यानंतर तो विषय काढला नव्हता. स्मारकासमोरच्या सावलीत पाणी पिताना तो म्हणाला, “आपल्यावर बहिष्कार कोण टाकणार? सोसायटीची वार्षिक सभा?” मी हसले. पण त्याची आई आणि माझे बाबा एका खोलीत बसलेले मला डोळ्यांसमोर आणता येईना.

आसूदला केशवराजाच्या देवळाकडे जाताना ओढा ओलांडून पोफळीच्या बागांतून चढावे लागते. बाहेर रस्ता भाजत असताना आत एखाद्या जुन्या वाड्याच्या माजघरासारखा गारवा असतो. देवळात गोमुखातून पडणारे पाणी इतके थंड होते, की तोंडावर मारल्यावर दोन दिवसांत प्रथमच मी त्याच्याशी सरळ शब्दांत भांडू शकले. भांडण कशावरून झाले ते सांगण्यासारखे नाही. पाण्याची बाटली कोणी मागे विसरली, यावरून ते सुरू झाले एवढे पुरे. उतरताना वाटेवर पडलेली एक सुपारी त्याने उचलून माझ्यापुढे धरली आणि विचारले, “ही फोडायची म्हणजे काय करायचं असतं नेमकं?” लग्न ठरले की सुपारी फुटते, हे मला ठाऊक होते. त्याच सुपारीचा हल्ली वर्तमानपत्रांत होणारा दुसरा उपयोगही मला ठाऊक होता, आणि भांडण ताजे असल्यामुळे मी तो त्याला सांगितला. त्याने सुपारी खिशात टाकली. दिवस मावळताना दाभोळच्या जेटीवरून वाशिष्ठी ओलांडून आम्ही धोपाव्याला उतरलो, तेव्हा आमच्यात पुन्हा बोलणे सुरू झाले होते. गुहागरला पोहोचलो तेव्हा रात्र झाली होती.

चौथा दिवस : हेदवी, तवसाळ, मालगुंड

हेदवीला दशभुज गणेशाचे दर्शन घेऊन आम्ही बामणघळीपाशी गेलो. खडकातली ही एक अरुंद, लांब चीर आहे, आणि भरतीच्या वेळी तिच्यात शिरलेले पाणी कारंज्यासारखे उंच उडते. एकादशीची भरती सव्वाआठला, म्हणजे अकरा पाऊण सव्वाआठ, आणि आम्ही पोहोचलो साडेअकराला. चिरेच्या तळाशी थोडे पाणी हलत होते. “मी चार दिवस समुद्राच्या उलट्या वेळापत्रकावर चालतोय,” तो म्हणाला. चेहऱ्यावरून तो त्या क्षणी खरोखरच खचला होता. बेत करणाऱ्या माणसांबद्दल मला जी थोडी चीड आहे ती तिथे बरीच कमी झाली.

तवसाळच्या जेटीकडे जाणारा उतार आम्ही उतरत असतानाच बोट सुटली. फाळका वर उचलला गेला आणि आमच्यासमोर दहा-बारा हात पाणी पसरले. पुढच्या बोटीला जवळपास तास होता. पत्र्याच्या शेडखाली टोपली घेऊन बसलेली एक बाई होती आणि आपल्या टेम्पोच्या सावलीत झोपलेला चालक होता. पलीकडे जयगडचा किल्ला उन्हात थरथरताना दिसत होता आणि त्याच्या बाजूला वीजप्रकल्पाची धुराडी. दुपारचा एक वाजत आला होता. शेडखाली वारा नव्हता, केस घामाने कपाळाला चिकटले होते, आणि हरिहरेश्वरच्या सूर्यास्ताशी तुलना करता येईल असे त्या जागेत काहीही नव्हते.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

“हो आई. जेवण व्हायचंय अजून. आम्ही तवसाळला आहोत, बोटीची वाट बघतोय.”

पलीकडून काही क्षण आवाज आला नाही. मग जो आला तो मलाही स्पष्ट ऐकू आला.

“आम्ही म्हणजे कोण?”

त्याला ‘शाळेतले’ असे म्हणता आले असते. चार दिवस तेच चालू होते, आणि फोनवरून शेड दिसत नाही. त्याने माझ्याकडे पाहिले, पण त्या पाहण्यात परवानगी मागणे नव्हते. पाढा म्हणताना मुले छताकडे पाहतात तसे ते होते. मग त्याने माझे पूर्ण नाव घेतले आणि म्हणाला, “आम्ही दोघंच आहोत, आई.”

टोपलीवाल्या बाईने पदर सारखा करायच्या निमित्ताने तोंड दुसरीकडे फिरवले.

“बरं,” पलीकडून आले. “उन्हात फिरू नका. आणि संध्याकाळी फोन कर, नीट बोलायला.”

फोन ठेवल्यावर तो बराच वेळ खाडीकडे पाहत राहिला. मी त्या वाक्यातल्या ‘फिरू नका’कडे पाहत होते. आईने मुलाला ‘फिरू नकोस’ म्हटले नव्हते. एका अनुस्वाराचीही चूक सोडायची नाही अशी सवय असलेल्या माणसाला असे अनेकवचन ऐकू येतेच.

“संध्याकाळी सांगावं लागेल,” तो म्हणाला.

“काय सांगशील?”

“तेच तुला विचारतोय.” त्याने खिशाकडे हात नेला, पण आत घातला नाही. “आपण लग्न करतोय, असं सांगू?”

मी लगेच उत्तर दिले नाही. मला ते वाक्य एकदा पुन्हा वाचायचे होते. त्यात ‘माझ्याशी’ नव्हते आणि ‘करशील’ही नव्हते, त्यामुळे मागणाराही नव्हता आणि देणाराही नव्हता. ‘आपण’ होते. तरी तो प्रश्नच होता, आणि त्याचे उत्तर ‘नाही’ असेही देता आले असते. चार दिवस जे वाक्य मी शोधत होते ते त्याने आईला द्यायच्या निरोपाच्या मसुद्यात, अंगावर घामट शर्ट असताना, सहज लिहून टाकले होते. मला त्यात एकच दोष दिसला.

“करतोय नको,” मी म्हणाले. “करणार आहोत, असं सांग.”

तो गोंधळला. “म्हणजे हो?”

“म्हणजे काळ चुकला आहे. बाकी वाक्य बरोबर आहे.”

त्याने ते समजून घ्यायला जेवढा वेळ घेतला तेवढ्यात जयगडकडून बोट निघालेली दिसू लागली. मग तो हसायला लागला, इतक्या मोठ्याने की टेम्पोचालक जागा झाला आणि त्याने विचारले, “बोट आली काय?” टोपलीवाली बाई म्हणाली, “आली, आली.” आणि टोपलीतले दोन आंबे काढून तिने न बोलता आमच्या दुचाकीच्या आसनावर ठेवले. पैसे विचारले तर रागावली.

बोटीवर कठड्याला टेकून मी त्याला सांगितले की आज त्याने विचारले नसते तर उद्या मी विचारणार होते. “कसं?” त्याने विचारले. मला सांगता आले नाही. शास्त्री नदीचे मुख पार करायला अगदी थोडा वेळ लागतो, आणि त्या वेळात आम्ही एकमेकांचा हातसुद्धा धरला नाही. बोट लागली तसा एक हात दुचाकी सावरण्यात आणि दुसरा आंबे सांभाळण्यात गुंतला होता.

संध्याकाळी मालगुंडच्या किनाऱ्यावरून त्याने आईला फोन लावला आणि माझी दुरुस्ती जशीच्या तशी वापरली. आईंनी तीन प्रश्न विचारले. मुलगी काय करते, तिच्या घरी ठाऊक आहे का, आणि आडनाव काय. तिसरा प्रश्न खरे तर दुपारीच सुटला होता, कारण त्याने पूर्ण नाव घेतले होते. तरी त्यांनी तो विचारला, त्याने पुन्हा सांगितले आणि दोन्हीकडे शांतता पसरली. मग त्या म्हणाल्या, “घरी घेऊन ये. तुझ्या बाबांशी आधी मी बोलते. तू मध्ये पडू नकोस.” हा होकार नव्हता, आणि तसा तो आहे असे आम्ही एकमेकांना भासवलेही नाही.

पाचवा दिवस : रत्नागिरी

सकाळी मालगुंडला केशवसुतांचे स्मारक पाहिले. कवी १८६६ साली येथे जन्मले. मग रत्नागिरीला थिबा राजवाड्यात गेलो. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केले आणि पुढल्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवले. हा राजवाडा त्याच्यासाठी १९१० साली बांधून झाला आणि १९१६ साली तो इथेच वारला. त्याच्या राजकन्या येथेच वाढल्या. त्यांना साजेसे राजघराण्यातले वर कुठून आणायचे, हा त्या घराचा वर्षानुवर्षांचा प्रश्न होता, आणि शेवटी थोरल्या राजकन्येचे मन बसले ते घरच्या मराठी द्वारपालावर. त्याचे लग्न आधीच झालेले होते. तिला मुलगी झाली आणि ती आयुष्याची अखेरची वर्षे रत्नागिरीतच, गरिबीत काढून गेली. खाडीकडे तोंड असलेल्या त्या लांबलचक सज्जात उभे राहून मी बाबांना फोन लावला. ही जागा त्यासाठी फारशी शुभ नव्हती, पण तिथे वारा होता.

बाबांनी सगळे ऐकून घेतले. मैत्रिणींचे काय झाले, असे त्यांनी विचारले नाही. “किती दिवसांची ओळख?” एवढेच विचारले.

“अठ्ठावन्न.”

“वर्षं नाहीत, दिवस?”

“दिवस.”

ते जरा वेळ गप्प राहिले. “तुझ्या आईला मी वीस मिनिटं पाहिलं होतं. त्यातली दहा पोहे खाण्यात गेली. म्हणजे अभ्यास तुझा जास्त झालाय.” मग आवाज बदलून म्हणाले, “पण मला त्याला भेटायचं आहे. एकट्याला.” हे सांगितल्यावर तो थोडा फिकट पडला.

दुपारी उतरलेल्या जागी पंख्याखाली बसून आम्ही नोंदणी विवाहाची माहिती काढली. १९५४च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे अर्ज दिल्यावर ३० दिवसांची नोटीस लागते आणि लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार. दोघांना ‘आम्ही’ म्हणायला एक तिसरा लागतो हे मला मान्यच होते, पण कायद्याला तीन लागतात. एक साक्षीदार वेळासच्या काकू, असे त्याने सुचवले, आणि ते थट्टेत नव्हते. निवासाचा पुरावा काय लागतो ते वाचताना त्याला वाहन परवान्यावरचा पत्ता पाहायचा होता. त्याने मला टाकीवरच्या पिशवीतून परवाना काढायला सांगितले आणि स्वतः अंघोळीला गेला.

पिशवीत परवाना होता, आसूदची सुपारी होती, आणि चार घड्या घातलेली, घामाने मऊ पडलेली एक चिठ्ठी होती. खिशातून ती इथे कधी आली कोण जाणे. वर ‘हरिहरेश्वर, सायं. ६’ असे लिहून खाली रेघ ओढली होती. पहिले वाक्य होते ‘माझ्याशी लग्न करशील का?’ आणि त्यावर काट मारलेली होती. दुसरे ‘तुझी हरकत नसेल तर’ इथपर्यंत येऊन थांबले होते, त्यावरही काट. तिसऱ्यात पाऊण ओळ खोडून परत लिहिली होती. शेवटी फक्त दोन शब्द सुटे राहिले होते, ‘आयूष्यभर आपण’, आणि पुढे जागा मोकळी होती.

माझे लाल पेन पिशवीच्या दुसऱ्या कप्प्यात होते. मी ते काढलेही. ‘आयुष्य’मधला ‘यु’ ऱ्हस्व असतो आणि त्याने तो दीर्घ लिहिला होता. आतून नळ बंद झाल्याचा आवाज आला. मी पेनाला टोपण घातले, चिठ्ठीच्या चारही घड्या होत्या तशा घातल्या आणि परवाना घेऊन खिडकीपाशी जाऊन बसले.